माळ्यावर सापडलेला थ्रीडीओ, आणि गेममधली पाल काळी-पांढरीच का दिसायची?

शहापूरची_शुभा

नमस्कार मंडळी. बेळगावात शहापुरातलं आमचं जुनं घर पावसाआधी उतरवायचं ठरलंय. कौलं निघायच्या आधी माळा रिकामा करायला मी पुण्याहून आठ दिवस आलेय. तांब्याचा बंब, पाळण्याच्या कड्या, गठ्ठा बांधलेली पंचांगं असलं सगळं खाली आलं, आणि त्यातच जुन्या लुगड्यात गुंडाळलेला आप्पाकाकांचा टीव्ही गेम.

आप्पाकाका बोटीवर होते, इंजिनरूममध्ये. 1995 च्या दिवाळीला घरी आले तेव्हा हे घेऊन आले. मी चौथीत होते, दादा सातवीत. काका आता नाहीत. काकू म्हणते, टाकून दे नाहीतर भंगारवाल्याला दे. मला जमेना.

काळं, रुंद, व्हीसीआरसारखं दिसतं पण बुटकं. पुढं पॅनासॉनिक आणि थ्रीडीओ लिहिलंय, खाली एफझेड-1. पुढून ट्रे बाहेर यायचा, त्यात सीडी ठेवायची. खालच्या स्टिकरवर 120 व्होल्ट, 60 हर्ट्झ. सोबत एक लोखंडी ठोकळा आहे, विटेएवढा, उचलायला दोन हात लागतात. त्याला एका बाजूला आपली पिन आणि दुसऱ्या बाजूला चपट्या दोन पायांचं भोक. कंट्रोलर दोन आहेत, पण मशीनला भोक एकच! आम्ही दोघं एकदम खेळायचो हे पक्कं आठवतं, मग दुसरा लावायचो कुठं?

सीडी तीन. रोड रॅश, नीड फॉर स्पीड आणि गेक्स. गेक्सला आम्ही ‘पालीचा गेम’ म्हणायचो. शेपटी फिरवणारी पाल भिंतीवरून सरसर चढते. आजी कपाळाला हात लावायची, ‘घरातल्या कमी पडल्या काय, टीव्हीवर आणि एक लावलासा?’

आता खरा प्रश्न. हे सगळे गेम आम्ही काळे-पांढरे खेळलो. टीव्ही रंगीत होता, बातम्या रंगीत, क्रिकेट रंगीत. गेम लावला की सगळं राखाडी. सुरुवातीला तर चित्र वरखाली पळत होतं. कुणी मेकॅनिक येऊन टीव्हीच्या मागे काहीतरी फिरवून गेला, तेव्हा थांबलं. गेक्सच्या लांबुडक्या पुठ्ठ्याच्या खोक्यावर पाल हिरवीगार आहे. दादाचं म्हणणं, थेटराबाहेरच्या पोस्टरसारखं आहे ते, बाहेर रंगवून विकतात, आत तसलं काही नसतं. मी तीस वर्षं तेच खरं मानलं. हे काय होतं? आणि आज लावून बघितलं तर चालेल का?

---

निपाणीकर_एक

लावूबिवू नका ताई, विका. सीडीवरचं जगातलं पहिलं गेम मशीन ते. परदेशातले शौकीन लोक असल्या वस्तूंना चांगले पैसे मोजतात. खोक्यासकट आहे म्हणताय, मग तर विचारूच नका. भंगारवाल्याला तेवढं देऊ नका.

---

खडेबाजार_रेडिओवाला

शुभाताई, आधी एक ऐका. ती वायर भिंतीतल्या बोर्डात खोचू नका. अजून खोचली नाही असं धरून पुढचं लिहितो.

खडे बाजारात माझं दुरुस्तीचं दुकान होतं. रेडिओ, टेप, टीव्ही, पुढं व्हीसीआर आणि व्हीसीडी. आता डोळे साथ देत नाहीत म्हणून बंद केलंय. तुमचा तो लोखंडी ठोकळा म्हणजे स्टेप-डाउन ट्रान्स्फॉर्मर, 230 चे 110 करणारा. काका इंजिनरूमचा माणूस, त्यांना हे कळत होतं. मला कळत असूनही मी काय केलं ते सांगतो.

95 च्या सुमाराला कॅम्पातल्या एका गिऱ्हाइकानं हेच मिशीन आणलं होतं. तक्रार अशी की सीडी फिरते पण वाचत नाही. शनिवारचा बाजार, दुकानात गर्दी, एका हातात चहा. खालचं स्टिकर न वाचताच खोचलं. फट्! आणि मागून वास. फ्यूज उडाला तर वास येत नाही, हा वास वेगळा असतो. पॉवर सप्लायचं अख्खं बोर्ड करपलं. माझीच चूक, गिऱ्हाइकाला काय सांगणार? काही भाग लॅमिंग्टन रोडवरनं मागवले, उद्यमबागेतल्या एका वाइंडरकडनं ट्रान्स्फॉर्मर गुंडाळून घेतला, सगळं पदरच्या पैशानं. दोन महिने गेले. तेवढ्यात मिशीनही शिकलो आणि रोज रात्री शटर ओढून रोड रॅश खेळलो, ते बायकोला आजतागायत माहीत नाही.

आता तुमचा रंग. अमेरिकेतलं चित्र एनटीएससी पद्धतीचं, 525 रेघांचं आणि सेकंदाला 60 वेळा येणारं. आपल्याकडची पद्धत पाल, 625 रेघा आणि 50 वेळा. टीव्ही 50 ची वाट बघत बसलेला असतो आणि येतात 60, म्हणून चित्र वर पळतं. मागं व्ही-होल्ड म्हणून एक खुंटी असायची, ती फिरवली की चित्र जागेवर बसतं. तुमच्याकडं आलेल्या माणसानं तेच केलं. पण रंगाचं तसं नाही. रंग ज्या लहरीवर बसून येतो ती त्यांची 3.58 मेगाहर्ट्झची, आपली 4.43 ची. टीव्हीला ओळखीची लहर सापडली नाही की तो रंगाचं दुकानच बंद करतो. त्या सर्किटला नावच ‘कलर किलर’ आहे. उगाच चुकीचे रंग फासण्यापेक्षा काळं-पांढरं दाखवतो बिचारा.

म्हणजे मिशीन पालीला हिरवीच पाठवत होतं. पाल टीव्हीला ती पाल दिसत नव्हती! आमच्या धंद्यात हा शब्द आम्ही असाच म्हणायचो, पाल सेट, पाल डेक. तुमचा प्रश्न वाचून एकटाच हसलो.

हल्लीचे बहुतेक एलईडी टीव्ही दोन्ही पद्धती ओळखतात. मागं पिवळी-पांढरी-लाल पिन लागत असेल तर रंग येणार. अँटिनाच्या भोकात घालू नका. तिथं आवाजाचीही पद्धत वेगळी पडते, नुसता खरखराट ऐकू येईल.

दुसरा कंट्रोलर पहिल्या कंट्रोलरलाच खोचायचा. नीट बघा, त्याच्यावरच भोक आहे. दुसऱ्याला तिसरा, असे आठ लागतात ओळीनं, वारकऱ्यांसारखे. हेडफोनचं भोक आणि आवाजाची चकतीसुद्धा पॅडवरच दिलीय. दुकानात रात्री मला तिचाच आधार होता.

निपाणीकर साहेब, पहिलं हे नव्हे. जपानात एनईसी कंपनीच्या पीसी इंजिन या गेम मिशीनला सीडीची जोडणी डिसेंबर 1988 मध्येच निघाली होती. फिलिप्सचं सीडी-आय 1991 मध्ये आलं, सेगा कंपनीच्या गेम मिशीनची सीडी-जोडणीही त्याच वर्षी जपानात. थ्रीडीओ अमेरिकेत बाजारात आलं 4 ऑक्टोबर 1993 ला. पण आधीच्या बऱ्याच यंत्रांत सीडी म्हणजे जुन्या घराला नवा सोपा काढल्यासारखी होती. इथं घरच सीडीसाठी बांधलं.

आणि बांधलं कुणी? ट्रिप हॉकिन्स म्हणून गृहस्थ. 1982 मध्ये इलेक्ट्रॉनिक आर्ट्स काढलेला तोच माणूस. 1991 मध्ये त्यानं थ्रीडीओ कंपनी काढली. यंत्राची आखणी डेव्ह नीडल आणि आर. जे. मायकल या जोडीची, त्यांनी आधी अमिगा कॉम्प्युटरवर काम केलेलं. कंपनी स्वतः एकही मिशीन बनवणार नव्हती. व्हीसीआर कसा, पद्धत एक आणि डबे दहा कंपन्यांचे, तसं करायचं होतं. पॅनासॉनिक, गोल्डस्टार आणि जपानात सान्यो यांनी डबे काढले. गेम करणाऱ्यांकडून थ्रीडीओ दर सीडीमागं फक्त 3 डॉलर घेणार. सेगा-निन्टेन्डोच्या मानानं हे फारच थोडं, म्हणून गेमवाले खूश.

पण गोची तिथंच झाली. बाकीचे लोक मिशीन पडत्या भावात देतात आणि गेमवर काढून घेतात. चहा फुकट, भजी महाग. पॅनासॉनिकला भजीतलं काही मिळणारच नव्हतं, मग चहाचा भाव काय लागणार? 699 डॉलर 99 सेंट! तेव्हा डॉलर 31 रुपयांच्या वर होता. करा हिशेब, जवळजवळ 22 हजार. माझ्या दुकानाचं वर्षाचं भाडं तेवढं नव्हतं. सप्टेंबर 1995 मध्ये सोनीचं प्लेस्टेशन अमेरिकेत 299 ला आलं, आणि यांचा खेळ आटपला. तुमच्या काकांनी दिवाळीआधी घेतलं म्हणजे भाव बराच उतरल्यावर घेतलं. हुशार माणूस.

यंत्र वाईट नव्हतं हे मी छातीवर हात ठेवून सांगतो. आतलं काम बघितलंय मी. धंद्याची मांडणी चुकली. ही नावं-सालं नंतर पोराच्या कॉम्प्युटरवर वाचून कळली. जळल्याचा वास तेवढा स्वतःचा.

पुढचं काम असं करा. ट्रान्स्फॉर्मर आधी नुसता लावून मीटरनं बघून घ्या, 110 च्या आसपास आले तरच पुढं जा. तीस वर्षं आपला पाऊस खाल्लेला आहे तो. आमच्याकडं चार महिने माळ्यावरची चप्पलसुद्धा हिरवी होते. सीडीवर बुरशीचे ठिपके असतील तर साध्या पाण्यात साबणाचा थेंब टाकून धुवा, मऊ कापडानं मधनं कडेकडं पुसा. गोल गोल घासू नका.

---

खानापूरचा_गणू

मामा, नमस्कार री. शटर ओढून रोड रॅश, लई भारी!

माझी थोडी भर. मी 2000 नंतरचा, खानापुरातल्या सायबर कॅफेत तासाचे पैसे भरून रोड रॅश खेळलेला. तो कॅफेतला रोड रॅश, ज्यात पोलीस गाडीवरून ओढून नेतो आणि मध्येच व्हिडिओ लागतो, तो मूळचा या थ्रीडीओचाच. 1994 मध्ये इथं आला, विंडोजवर नंतर गेला. मेन्यूत वाजणारी साउंडगार्डन वगैरे बँडची गाणीसुद्धा सीडीमुळेच आली, कार्ट्रिजमध्ये एवढी जागा कुठली? नीड फॉर स्पीडचं तर घराणंच इथून सुरू झालं. पहिला भाग 1994 मध्ये थ्रीडीओवर, आठ खऱ्या गाड्या, मागं पोलीस. आज कितवा भाग चाललाय ते मोजायचं मी सोडून दिलंय.

यंत्राचं डोकं म्हणजे एआरएम घराण्यातला एआरएम60 प्रोसेसर, 12.5 मेगाहर्ट्झ. तुम्ही हे ज्या मोबाइलवर वाचताय त्याच्यातही बहुतेक त्याच कुळातला प्रोसेसर आहे. रॅम 2 एमबी, चित्रासाठी वेगळी 1 एमबी. सीडी दुप्पट वेगाची, म्हणजे सेकंदाला 300 केबी. एवढ्यात त्या लोकांनी काय काय केलं!

सगळंच चांगलं होतं असंही नाही. डूम या बंदूकबाजीच्या गेमची थ्रीडीओ आवृत्ती 1996 ची, ती बघा. रिबेका हाइनमन या प्रोग्रामर बाईंना जेमतेम दहा आठवडे मिळाले. संगीत वाजवणारा कोड लिहायला वेळच नव्हता, म्हणून प्रकाशक कंपनीच्या मालकानं आपल्या बँडकडून सगळी गाणी पुन्हा वाजवून घेतली आणि ती सीडीवर घातली. गेम मुंगीच्या वेगानं चालतो, संगीत मात्र ऐकण्यासारखं. लग्नात जेवण कच्चं आणि बँड फर्स्टक्लास, तसं.

शुभाताई, तुमच्या कामाची गोष्ट ही की थ्रीडीओच्या सीडीला कुलूप नाही. चोरी रोखणारं काही घातलंच नव्हतं, आणि अमेरिकेची सीडी जपानच्या मशीनवर चालत नाही असली भानगडही जवळजवळ नाही. म्हणजे तुमची एखादी सीडी खराब झाली असेल तर आत्ताच कॉम्प्युटरवर तिची प्रत काढून ठेवा, वाटलं तर कोऱ्या सीडीवर कमी वेगानं लिहा. मशीन ती निमूट वाचतं. प्लेस्टेशनला हे करायला लोकांना आत चिप डकवावी लागायची.

एक वाईट बातमीपण. गेम जिथं सेव्ह व्हायचे ती 32 केबीची मेमरी आतल्या नाण्याएवढ्या सेलवर जगते. तो सेल कधीच गेला असणार.

---

शहापूरची_शुभा

मामा, गणू, खरंच आभार. वायर खोचली नव्हती! पण खरं सांगते, त्याच दुपारी खोचणार होते. अ‍ॅडॉप्टर शोधत होते, सापडला नाही म्हणून वाचलं.

सेलचं वाचून जरा हललेच. काका सुट्टीत घरी असले की रात्री आम्ही झोपल्यावर नीड फॉर स्पीड खेळत बसायचे. सकाळी बघावं तर त्यांची वेळ आमच्यापेक्षा कितीतरी कमी. दादा दिवसभर ती मोडायच्या मागे. ते आकडे असतील आत, असं कुठंतरी वाटत होतं. असो.

ट्रान्स्फॉर्मर घेऊन आज उद्यमबागेत जाऊन आले. तिथल्या म्हाताऱ्या वाइंडरनं मीटर लावला, 112 आले. ‘वायंडिंग कुणी केलंय हो? लई निगुतीनं केलंय,’ म्हणाले. पैसे घेतले नाहीत. फक्त कापडी वायर बदलायला सांगितली, ती बदलून आणली. आता अडचण वेगळीच. लाइट लागतो, पण ट्रे बाहेर येत नाही. आतून घुर्र आवाज येतो, बस्स. आणि व्हीसीडी चालेल का यात? काकूच्या लग्नाची आहे, दुसरीकडे लावायला काही उरलंच नाही.

---

खडेबाजार_रेडिओवाला

घुर्र म्हणजे मोटर फिरतेय, ट्रेला ओढ पोचत नाही. रबरी पट्टा सैल झाला असेल नाहीतर गुळाच्या पाकासारखा चिकट. पिन काढा, वरचं झाकण उघडा, पट्टा सापडला तर जुन्याचा घेर सुतळीनं मोजून तसाच आणा. टेप-डेकचे पट्टे अजून मिळतात. पुडीला लावायचं रबर बँड घालू नका. एक आठवडा चालेल आणि मग आत विरघळेल. चिकटा असेल तर स्पिरिटच्या बोळ्यानं पुसा. पॉवर सप्लायच्या बाजूला बोट नेऊ नका, पिन काढल्यावरसुद्धा.

झाकण उघडलंच आहे तर लेन्सवर इअरबडनं स्पिरिट, पीस फिरवल्यासारखं. दाबायचं नाही.

व्हीसीडी नुसत्या मशीनवर नाही चालायची. मागं एक खाच आहे, तिच्यात वेगळं एमपीईजीचं, म्हणजे व्हीसीडीचं चित्र उलगडणारं कार्ड बसायचं, ते असेल तरच. गाण्यांची साधी सीडी मात्र झकास वाजते. काकूंची सीडी कॉम्प्युटरवर घालून पेनड्राइव्हमध्ये घ्या, आता लगेच. व्हीसीडी मेल्या की सांगून मरत नाहीत.

आणि तो वाइंडर कोण हे मला ओळखू येतंय. पैसे घेतले नाहीत म्हणजे तोच. माझ्याकडनं 95 साली पुरेपूर घेतले होते.

---

निपाणीकर_एक

मामा, पहिलं नव्हे ते मान्य. बाकी ती कंपनी पुढं गेली कुठं?

---

खानापूरचा_गणू

पुढचं मशीन एम2 म्हणून तयार करत होते, ते तंत्र 1995 मध्ये मात्सुशिताला, म्हणजे पॅनासॉनिकच्या मूळ कंपनीला 10 कोटी डॉलरला विकलं. मात्सुशितानं 1997 मध्ये घरगुती कन्सोलचा बेत गुंडाळला. थ्रीडीओ कंपनी नुसते गेम करत राहिली, ‘हिरोज ऑफ माइट अँड मॅजिक’ पुढं त्यांच्याकडंच होतं. 2003 मध्ये दिवाळं निघालं.

---

शहापूरची_शुभा

मंडळी, झालं.

पट्टा खरंच पाकासारखा होता, बोटाला काळा चिकटला तो अजून निघत नाहीये. मारुती गल्लीत एका दुकानात जुन्या डेकचा मिळाला. ट्रे आला बाहेर, जरा अडखळत. रोड रॅश वाचतच नाही, धुऊनही नाही. नीड फॉर स्पीड लागला. वेळांच्या पाटीवर काकांचं काही नाही. गणू म्हणाला तसंच.

मग गेक्स. शेजारच्यांचा एलईडी टीव्ही आणला होता, पिवळी पिन लावली. सीडी खरखरली, काळा पडदा, आणि मग एकदम रंग. पाल हिरवी. खोक्यावरच्यापेक्षा जरा पोपटी, पण हिरवीच. दादाला व्हिडिओ कॉल लावून फोन टीव्हीसमोर धरला. बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, ‘म्हणजे पोस्टर खरं होतं.’ आणि लगेच, ‘उडी मार की, काय बघत बसलीस!’

आवाज ऐकून काकू पदराला हात पुसत बाहेर आली. उंबऱ्यावर उभी राहून बघितलं, डोळे बारीक करून.

‘ही पाल अजून जित्ती हाय व्हय?’ म्हणाली, आणि दूध उतू जातंय म्हणून आत गेली.